सुरूच्या बनातील पायवाट आणि जमीन धरणाऱ्या वनस्पती

कोकणच्या किनारपट्टीवर गाव आणि समुद्र यांच्यामध्ये पुष्कळ ठिकाणी सुरूचे बन उभे असते. दिवेआगर, गुहागर, शिरोडा या गावांची बने तर दूरवरच्या लोकांनाही ठाऊक आहेत. एका वाडीतून दुसऱ्या वाडीत, पुळणीवर, देवळाकडे आणि शाळेकडे जाणाऱ्या अनेक पायवाटा अशा बनांतून जातात. शिक्षकांच्या दृष्टीस ही वाट रोज पडते, आणि रोज पडते म्हणूनच तिच्यात होणारा पालट सहसा ध्यानात येत नाही. काही वर्षांपूर्वी दोन माणसे जेमतेम बरोबरीने चालू शकतील एवढी असलेली वाट आज बैलगाडी जाईल इतकी रुंद झालेली असते. कडेच्या झाडांची मुळे उघडी पडलेली असतात. पावसाळ्यात वाटेचाच ओहोळ होतो आणि उन्हाळ्यात तेथील मोकळी वाळू वाऱ्याबरोबर जवळच्या अंगणांत व विहिरींत जाऊन पडते.

शाळेला याची जाणीव झाली म्हणजे पहिला विचार मनात येतो तो वृक्षारोपणाचा. १९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवाचा प्रारंभ केला, तेव्हापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यात रोपे लावण्याची प्रथा शाळांत रुजली आहे. प्रथा उत्तमच आहे. परंतु पायवाटेच्या कडेला लावलेल्या रोपांचे पुढे काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना एक खेदाची गोष्ट ठाऊक असते. गणपतीच्या सुटीपर्यंत रोपे हिरवी असतात, दिवाळीनंतर ती सुकू लागतात, आणि उन्हाळ्याची सुटी संपवून मुले परत येतात तेव्हा त्या जागी नुसते खड्डे उरलेले असतात. पुढील जुलैत त्याच खड्ड्यांत नवी रोपे लागतात. ज्या मुलाने तीन वर्षे असे रोप लावले आणि तिन्ही वर्षे ते मेलेले पाहिले, त्याला झाडाविषयी आस्था वाटण्याऐवजी लावणे हा एक उपचारच आहे असे वाटू लागले, तर त्यात नवल नाही. वाळू वाहून जाण्यापेक्षाही हे नुकसान अधिक मोठे मानावयास हवे.

या अपयशात दोष मुलांचा नसतो आणि बहुधा रोपांचाही नसतो. वाळूच्या जमिनीत पायवाट धरून ठेवावयाची असेल, तर प्रथम पावलांची व्यवस्था लावावी लागते आणि मग वनस्पतींची. हा क्रम उलटा झाला की श्रम वाया जातात. प्रस्तुत लेखात या क्रमाचाच विचार केला आहे.

पुळणवट जमिनीचा स्वभाव

पुळणीची माती म्हणजे बहुतांशी वाळूच. वाळूचा कण सुमारे २ मिलिमीटरपासून ०.०५ मिलिमीटरपर्यंत जाडीचा असतो. चिकणमातीचा कण त्याहून कित्येक पटींनी बारीक असतो. कण मोठे असल्यामुळे त्यांच्यामधील पोकळ्याही मोठ्या राहतात, आणि त्यांतून पाणी झपाट्याने खाली निघून जाते. पाण्याबरोबर खतातील विरघळणारा अंशही जातो. शिवाय हे कण एकमेकांना चिकटत नाहीत. चिकणमातीवर पाऊल पडले तर ती दबून घट्ट होते, मोकळ्या वाळूवर पाऊल पडले तर ती बाजूला सरकते. पायवाट खोल आणि रुंद होते ती या सरकण्यामुळे.

ही गोष्ट वर्गात सहज दाखविता येते. एका पारदर्शक बाटलीत मूठभर पुळणीची वाळू आणि दुसरीत मूठभर शेतातील माती घालून दोन्हींत पाणी भरावे, चांगल्या हालवाव्यात आणि फळीवर ठेवाव्यात. वाळू मिनिटभरात तळाला बसते. दुसऱ्या बाटलीतील पाणी कित्येक तास गढूळ राहते. दुसरा प्रयोग पत्र्याच्या दोन डब्यांचा आहे. दोन्ही डब्यांच्या तळांना सारखी भोके पाडावीत. एकात नुसती कोरडी वाळू भरावी, दुसऱ्यात तीन भाग वाळू व एक भाग चांगला कुजलेला पालापाचोळा मिसळून भरावा. दोहोंत अर्धा अर्धा लिटर पाणी सावकाश ओतून खाली गळणारे पाणी मोजावे. ज्या डब्यात पाला आहे तो अधिक पाणी धरून ठेवतो, हे मुलांना मोजमापाने कळते, आणि पातेरा हा कचरा नाही हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट येथे लक्षात ठेवावी. झाडांखालची वाळू फार दिवस कोरडी राहिली, म्हणजे तिच्या कणांवर कुजलेल्या पाल्यातील मेणकट अंशाचा लेप बसलेला असतो. अशा वाळूवर पाणी ओतले तर ते क्षणभर थेंबांच्या रूपाने वरच राहते आणि उताराकडे ओघळते. म्हणून बनात पाणी घालताना एकदम बादली उपडी करू नये. थोडे शिंपडावे, थांबावे आणि मग पुन्हा घालावे.

सुरू आणि त्याचा पातेरा

सुरू हा मूळचा कोकणचा वृक्ष नव्हे. आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागरातील बेटे हे त्याचे मूळ स्थान होय. भारताच्या किनाऱ्यांवर त्याची मोठी लागवड झाली ती एकोणिसाव्या शतकापासून. ज्यांना आपण त्याची सुईसारखी पाने म्हणतो, त्या वस्तुतः बारीक हिरव्या काड्या असतात. काडी हातात घेऊन ओढली की ती पेरापेरांशी सुटते, आणि प्रत्येक पेरावर भिंगातून पाहिले असता बारीक खवले दिसतात. ते खवले हीच त्याची खरी पाने. सुरूच्या मुळांवर गाठी असतात व त्यांत राहणारे सूक्ष्म जीव हवेतील नत्र झाडास उपलब्ध करून देतात. निकस वाळूत सुरू वाढतो याचे हे एक प्रमुख कारण आहे.

या काड्या गळून खाली जो पातेरा साठतो तो लवकर कुजत नाही. दाट बनात त्याचा वीतभर जाड थर होतो. त्या थरामुळे आणि सावलीमुळे दुसऱ्या वनस्पती तेथे सहज उगवत नाहीत. परंतु तोच थर पावसाच्या थेंबाचा मार झेलतो, वाळूतील ओल टिकवितो आणि वाऱ्याला कण उचलू देत नाही. सांगावयाचे असे की दाट सुरूच्या सावलीत जमिनीचे पांघरूण आधीच अंथरलेले असते. ते उचलून त्या जागी वेली लावण्याचा खटाटोप करू नये.

नेमकी हीच चूक कित्येकदा सद्भावनेने घडते. स्वच्छतेच्या कार्यक्रमात मुलांकरवी वाट आणि तिच्या दोन्ही बाजू खराट्याने लख्ख झाडल्या जातात. घरोघरी चुलीसाठीही पातेरा गोळा करून नेला जातो. ज्या कुटुंबाला सरपणाची नड आहे त्यास पातेरा नेऊ नका असे सांगणे न्याय्य ठरणार नाही. मात्र वाटेच्या दोन्ही बाजूंचा दोन-दोन मीटरचा पट्टा सोडून आत गोळा करावा, एवढी विनंती ग्रामसभेत करता येते आणि तिचे कारण समजले तर ती बहुधा मान्यही होते. शाळेने स्वतः मात्र स्वच्छता म्हणजे प्लास्टिक, काच व कागद उचलणे एवढाच अर्थ येथे घ्यावा.

पावलांचे गणित

वाट कोण झिजवितो, हे मुलांनी स्वतः मोजून पाहावे. समजा, बनातून १०० मीटर लांबीची वाट आहे आणि तिच्यावरून ६० मुले शाळेत येतात व परत जातात. वर्षाचे शाळेचे दिवस २०० धरले तर ६० गुणिले २ गुणिले २००, म्हणजे २४,००० फेऱ्या झाल्या. लहान मुलाचे पाऊल अर्ध्या मीटरचे धरल्यास प्रत्येक फेरीत २०० पावले पडतात. म्हणजे वर्षाकाठी त्या वाटेवर एकूण ४८ लाख पावले पडली, आणि वाटेच्या प्रत्येक मीटरवर ४८,००० पावले पडली. हा हिशेब नुसत्या शाळेच्या मुलांचा झाला. गावकरी, गुरे आणि पर्यटक त्यात धरलेले नाहीत.

एवढी पावले सोसून जिवंत राहील अशी वनस्पती पुळणीत नाही. म्हणून मधल्या वाटेवर काही लावण्याचा विचार प्रथमच सोडून द्यावा. प्रश्न आहे तो ही पावले किती जागेत पडावीत याचा. १०० मीटर लांबीची वाट एक मीटर रुंद असेल तर ती सुमारे एक गुंठा जमीन व्यापते. तीच चार मीटर रुंद झाली तर चार गुंठे जमीन उघडी पडते. चालणारी माणसे तीच, पावलेही तेवढीच, परंतु नुकसान चौपट. याचा अर्थ असा की वाट अरुंद राखली तर तीन गुंठे जमीन एकही रोप न लावता वाचू शकते.

माणसे वाट सोडून कडेने का चालतात, याचीही कारणे मुलांना शोधावयास लावावीत. मध्ये पाणी साचलेले असते, मूळ आडवे आलेले असते, फांदी डोक्याला लागते, वाळू इतकी भुसभुशीत झालेली असते की पाय रुततो, अथवा वळण टाळून सरळ जाता येते. प्रत्येक कारणाला उपाय आहे, आणि तो उपाय लावणीच्या आधी करावयाचा आहे. फांदी छाटावी. उघड्या मुळावर पातेरा व वाळू यांची भर घालावी, मूळ तोडू नये, कारण वाळूत झाडाचा आधार त्या पसरलेल्या मुळांवरच असतो. पाय रुततो तेथे सुरूचा पातेरा, नारळाची सोडणे व जुन्या झावळ्या यांचा थर टाकून चालण्याची जागा घट्ट करावी. उतारावर जांभ्याचे चिरे किंवा पडलेल्या झाडांचे ओंडके आडवे बसवून पायऱ्या कराव्यात. कोकणातील जुन्या पाखाड्या याच विचाराने बांधलेल्या आहेत. ओंडका किंचित तिरका बसविला म्हणजे पावसाचे पाणी वाटेवरून न धावता बाजूच्या पातेऱ्यात उतरते. चालण्यास सर्वांत सोयीची जागा मध्यभागीच आहे असे झाले की पाटी लावून दटावण्याची वेळ येत नाही.

वाटेचे तीन पट्टे

या व्यवस्थेनंतर वाटेकडे तीन पट्ट्यांच्या रूपाने पाहावे. पहिला पट्टा चालण्याचा, मीटर-दीड मीटर रुंदीचा. येथे वनस्पती नको, पातेरा व सोडणांचा थर पुरे. दुसरा पट्टा काठाचा, दोन्ही बाजूंस अर्धा ते एक मीटर. येथे कधीमधी पाऊल पडणारच, म्हणून येथे जमिनीलगत पसरणाऱ्या, पेरांशी मुळे फुटणाऱ्या आणि चेंगरल्या तरी पुन्हा उठणाऱ्या वनस्पती हव्यात. तिसरा पट्टा त्यापलीकडचा. तेथे पाऊल पडू नये अशीच अपेक्षा असते, म्हणून तेथे थोडी उंच झुडपे चालतात.

काठाच्या पट्ट्यासाठी वनस्पती निवडताना एकाच गोष्टीचे माप आधी घ्यावे, ते म्हणजे उन्हाचे. ढग नसलेल्या दिवशी दुपारी बारा वाजता मुलांनी वाटेवर दर पाच मीटरला उभे राहावे आणि प्रत्येकाने आपल्या पायाजवळच्या जमिनीवर ऊन आहे, कवडसे आहेत की दाट सावली आहे हे वहीत लिहावे. १०० मीटरच्या वाटेचा असा आराखडा अर्ध्या तासात तयार होतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा दिवेआगर-श्रीवर्धन भागात माड, पोफळी व सुरू फार मोठ्या संख्येने पडले. अशी झाडे जेथे पडतात तेथे सावलीची जागा एका दिवसात उन्हाची होते. म्हणून आराखडा एकदाच काढून भागत नाही, तो दरवर्षी नव्याने काढावा.

कोणती वनस्पती कोठे

भरपूर ऊन असलेल्या काठासाठी हरळी ही पहिली निवड होय. तिची खोडे जमिनीवरून आणि जमिनीखालूनही धावतात, व प्रत्येक पेराशी मूळ धरतात. तुडविली तरी ती पुन्हा फुटते. गणपतीच्या दूर्वा म्हणून मुलांना ती ओळखीचीही असते. सावली मात्र तिला मानवत नाही.

जेथे ऊन आहे आणि वाळू फारच मोकळी आहे, तेथे मर्यादवेल उपयोगी पडते. आपट्याच्या पानासारखे दुभंगलेले पान, जांभळट गुलाबी घंटेसारखे फूल आणि वाळूवर कित्येक मीटर सरळ धावणारे खोड, यांवरून ती ओळखता येते. खारा वारा व तापलेली वाळू ती सोसते. परंतु तिची लांब खोडे वाटेवर आडवी आली तर मुले अडखळून पडतात. म्हणून दर आठवड्यास तिची टोके उचलून मागे वळवून ठेवण्याचे काम एखाद्या गटाकडे द्यावे.

कवडशांच्या जागी, म्हणजे अर्धवट सावलीत, जलपिंपळी आणि रानमेथी या दोन लहान वनस्पतींचा विचार करावा. जलपिंपळी वाळूत थोडी ओल असेल तेथे चटईसारखी पसरते व तिला पांढुरकी, बोंडासारखी बारीक फुले येतात. रानमेथीची तीन-तीन पानांची नाजूक वेल जमिनीला चिकटून वाढते. ती शेंगवर्गातील असल्यामुळे तिच्या मुळांवरील गाठींतून जमिनीस नत्र मिळते. विहिरीजवळ किंवा पन्हळीच्या पाण्याने ओल राहते अशा सावलीच्या जागी मंडूकपर्णी चांगली येते. या तिन्ही वनस्पती बहुधा गावातच, वाडीच्या कडेला अथवा शाळेच्या मैदानात सापडतात. त्या विकत आणाव्या लागत नाहीत.

दाट सावलीत, वर सांगितल्याप्रमाणे, पातेऱ्याचा थर राखावा व काही लावू नये.

उतारावर काठ ढासळत असेल तेथे वाळ्याची ओळ लावावी. वाळा पसरत नाही, त्याचे ठोंब जागच्या जागी जाड होतात आणि मुळे सरळ खाली जातात. चांगल्या जमिनीत ती तीन मीटरपर्यंतही पोहोचतात. वीतभर अंतराने लावलेल्या ठोंबांची ओळ दोन-तीन वर्षांत एकसंध होते आणि वरून येणारी वाळू अडवून धरते. वाळ्यासही ऊन लागते, हे विसरू नये.

तिसऱ्या पट्ट्यात निर्गुडीच्या काड्या रोवाव्यात. निर्गुडी फांदीपासून येते आणि शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत. जेथे झाडे पडून मोठी मोकळी जागा झाली असेल तेथे पुन्हा सुरू लावण्याची घाई न करता उंडी, भेंड, करंज या किनाऱ्यावर पूर्वापार वाढत आलेल्या वृक्षांची रोपे लावण्याविषयी वन खात्याचा सल्ला घ्यावा.

लावणी आणि निगा

लावणीचा काळ मृग नक्षत्राचे दोन-तीन चांगले पाऊस झाल्यानंतरचा. कोकणात वर्षाचा बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. जूनअखेर लावलेल्या फुटव्यास खोल मुळे धरण्यासाठी तेवढाच अवधी मिळतो. ऑगस्टमध्ये लावलेला फुटवा हिरवा दिसला तरी त्याचे मूळ वरवर राहते आणि उन्हाळ्यात तो हमखास जातो. शाळा जूनच्या मध्यास उघडते, हे या कामाच्या दृष्टीने सोयीचेच आहे. वाट ठरविण्याचे, पायऱ्यांचे आणि आराखड्याचे काम मात्र त्याआधीच्या हिवाळ्यात उरकून घ्यावे.

पहिल्या वर्षी दहा मीटर लांबीचाच तुकडा घ्यावा. दोन्ही काठ मिळून वीस मीटर होतात. पाव मीटर अंतराने एका ओळीस ८० फुटवे लागतात, दोन ओळींस १६०. एवढे फुटवे वर्गातील मुले एका सकाळी लावू शकतात आणि वर्षभर सांभाळू शकतात. हजार रोपे लावून सोडून देण्यापेक्षा हे दहा मीटर जगविणे अधिक मोलाचे आहे. ते जगले की पुढील वर्षाचे फुटवे त्यातूनच मिळतात.

वेलीचा तुकडा तीन-चार पेरांचा घ्यावा. दोन पेरे वाळूखाली आडवी पुरावीत व टोक वर ठेवावे. वाळूखाली चार बोटे कुजलेले शेणखत अथवा पातेऱ्याचे खत आणि त्याखाली नारळाचे सोडण उलथे, म्हणजे पोकळ बाजू वर करून, ठेवावे. माडाच्या खड्ड्यात सोडणे पुरण्याची रीत वाडीवाल्यांना माहीतच असते. सोडण स्पंजाप्रमाणे पाणी धरते व सावकाश सोडते. लावणीनंतर वर पातेऱ्याचा पातळ थर पसरावा, कोंब झाकू नये.

गुरांपासून बचाव हा निगेतील कठीण भाग होय. पिके निघाल्यावर गुरे मोकळी सुटतात आणि हिरवे दिसेल ते खातात. दहा मीटरच्या तुकड्याला बोरीच्या काट्यांची वई घालणे सहज शक्य आहे. ती वाटेकडील बाजूस मात्र घालू नये, तेथे काठीला काठी बांधून गुडघाभर उंचीचा आडोसा पुरतो.

खरी कसोटी मे महिन्याची. शाळा बंद, विहिरीचे पाणी तळाला आणि वाळू तापलेली. याची तजवीज मार्च महिन्यातच करावी. वाटेशेजारी राहणाऱ्या चार-पाच घरांतील मुलांना प्रत्येकी दोन मीटरचा तुकडा वाटून द्यावा व घरच्या मंडळींना त्याची कल्पना द्यावी. छिद्राळ मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून, पाण्याने भरून, तोंडावर झाकण ठेवले तर ओल अनेक दिवस झिरपत राहते. दोन फुटव्यांच्या रांगांमध्ये अशी मडकी ठेवल्यास रोजचे पाणी घालावे लागत नाही. पहिला उन्हाळा काढला की पुढील उन्हाळ्यात ही निगा पुष्कळ कमी होते.

काही सावधगिरीच्या सूचना

पहिली सूचना जमिनीच्या मालकीविषयी. बन वन खात्याचे आहे, महसूल खात्याचे आहे, ग्रामपंचायतीचे आहे की खासगी, याची चौकशी करून लेखी संमती घ्यावी. समुद्रालगतच्या वाळूच्या टेकड्यांना किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ व २०१९ च्या अधिसूचनांनी विशेष संरक्षण दिले आहे. तेथून वाळू उचलू नये, तेथील वेली उपटून आणू नयेत. मर्यादवेलीचे तुकडे गावातील कुंपणालगत, रस्त्याकडेला आलेल्या वेलींचेच घ्यावेत.

दुसरी सूचना अशी की ही लावणी बनातील वाटेपुरतीच ठेवावी, पुढील उघड्या पुळणीवर नेऊ नये. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या मोकळ्या वाळूत अंडी घालतात. त्यांना ती वाळू मोकळीच हवी असते. एका जिवासाठी जमीन धरणे उपकारक असते, तर दुसऱ्यासाठी ती मोकळी सोडणे. हा विवेकही मुलांना शिकविण्यासारखा आहे.

तिसरी सूचना परक्या वनस्पतींविषयी. रोपवाटिकेत पिवळ्या फुलांची वेडेलिया नावाची वेल स्वस्तात मिळते आणि भराभर पसरते. ती मूळची उष्ण अमेरिकेतील असून जगातील अतिशय उपद्रवी परक्या वनस्पतींत तिची गणना होते. एकदा पसरली की ती इतर काहीच उगवू देत नाही. लवकर हिरवे दिसावे या मोहाने ती लावू नये. घाणेरी आणि रानमोडी आपोआप उगवल्या तर त्या लहान असतानाच काढाव्यात.

चौथी सूचना मुलांच्या सुरक्षिततेची आणि म्हणून सर्वांत महत्त्वाची. कोकणात फुरसे पुष्कळ आहे व ते पातेऱ्यात, दगडाखाली आणि ओंडक्यांच्या कपारीत दडून बसते. मुलांनी पातेरा, चिरे अथवा झावळ्या हातांनी कधीही उचलू नयेत. ते काम मोठ्या माणसांनी, पायांत जाड पादत्राणे घालून, आधी काठीने चाळवून मगच करावे. काठाच्या पट्ट्यातील वनस्पती घोट्याहून उंच वाढू देऊ नयेत, म्हणजे वाटेवरील पाऊल कोठे पडते ते दिसत राहील. दंश झालाच तर झाडपाला, मंत्रतंत्र किंवा चिरा देणे यांत क्षणही न दवडता रुग्णास शक्य तितके हालू न देता सरकारी रुग्णालयात न्यावे, प्रतिविष तेथेच मिळते.

वर्गातील उपयोग

या कामासाठी वेळापत्रकात निराळा तास काढावा लागत नाही. वाटेचा आराखडा काढताना भूगोल येतो, पावलांच्या हिशेबात गुणाकार व क्षेत्रफळ येते, डब्यांच्या प्रयोगात परिसर अभ्यास येतो आणि पायऱ्या, वई, मडकी यांत कार्यानुभव येतो. वाटेवरील ठरलेल्या पाच जागी दोरीने रुंदी मोजून ती दरवर्षी जून व जानेवारी महिन्यांत एका वहीत लिहून ठेवावी. किती फुटवे लावले, किती जगले आणि जे गेले ते कशाने गेले, हेही त्याच वहीत लिहावे. गेलेल्या फुटव्यांची नोंद लाज न बाळगता करावी, कारण पुढील वर्षी काय बदलावे हे तीच नोंद सांगते.

चौथीचा वर्ग ही वही पुढील वर्षीच्या चौथीच्या हाती सोपवील, अशी व्यवस्था ठेवावी. शिक्षकांची बदली होते, मुले पुढच्या शाळेत जातात, परंतु वही आणि वाट गावातच राहतात. पाच-सहा वर्षांनी वाटेची रुंदी वाढलेली नाही असे त्या वहीतील आकड्यांवरून दिसले, तर त्या काळात तिच्यावरून चाललेल्या प्रत्येक मुलाचा त्या कामात वाटा आहे असे निःशंक समजावे. आणि एखादे मूल आपण लावलेला हरळीचा तुकडा दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा फुटलेला पाहील, तर लावलेले जगते ही गोष्ट त्याला पुस्तकाबाहेर, स्वतःच्या डोळ्यांनी कळलेली असेल.